दोन धातूंची व्हेंटिलेटेड डिस्क : बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र नांदतात का?

बिडकर_शिरोली | 3 जून, रात्री 9:40

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज कामाचा प्रश्न घेऊन आलोय.

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. वडिलांच्या काळात ऑइल इंजिनची कास्टिंग्ज ओतायचो, आता बरीच वर्षं ब्रेक ड्रम आणि डिस्क. डिस्क म्हणजे आजवर एकच प्रकार. अख्खी बिडाची (कास्ट आयर्नची), मधे पात्यांचा कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), ओतली, फेटलिंग (कडा साफ) केलं, टर्निंग मारलं, बॅलन्सिंगसाठी धारेवर थोडं मिलिंग केलं, की गेली गाडीत.

आता एका गिऱ्हाइकाने नवीन ड्रॉइंग पाठवलंय. घासणारी रिंग बिडाची (जास्त कार्बनवालं ग्रे आयर्न, 3.6 ते 3.9 टक्के), व्यास 300 मिमी, जाडी 26 मिमी, आत हवेची पाती. पण मधली टोपी, जी हबवर बसते ती, अ‍ॅल्युमिनियमची. जोडणीला दहा स्टेनलेस पिना. हेतू काय, तर चाकामागचं वजन कमी करायचं. पिना रिंगमध्ये ओतानाच बसवायच्या असं त्यांचं म्हणणं.

वडील म्हणतात, "बीड आणि अ‍ॅल्युमिनियम एका घरात नांदत नाहीत. एक तापलं की दुसरं पसरतं." मला करून बघायचंय. कुणी या प्रकारात हात घातलाय का? आणि मुळात एवढा खटाटोप करण्याइतका फायदा आहे का?

वाचनमात्र_2 | 3 जून, रात्री 9:52

रुमाल टाकून ठेवतो.

एमटेक_ग्रस्त | 3 जून, रात्री 10:05

आमच्या बॅचला 60 जणांपैकी 11 जणांचा प्रोजेक्ट "व्हेंटिलेटेड ब्रेक डिस्कचे औष्णिक विश्लेषण" हाच होता. अकराही जणांच्या डिस्का सॉफ्टवेअरमध्ये सुंदर लाल-पिवळ्या-निळ्या झाल्या. खरी डिस्क हातात घेतलेला एकही नव्हता, मी धरून. तुम्ही खरी ओतताय, दंडवत घ्या.

चाकणचा_चक्रधर | 3 जून, रात्री 11:20

बिडकर, मी डिझाइनमध्ये आहे, ब्रेकवरच. थोडं सविस्तर लिहितो.

वडिलांचं अर्धं बरोबर आहे. अ‍ॅल्युमिनियम त्याच तापमानवाढीला बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं (साधारण 23 विरुद्ध 12, लांबीच्या दहा लाखांत, दर अंशाला). पण इथे दोघांचं तापमान एकसारखं वाढतच नाही. घासते रिंग, तापते रिंग. टोपी तिच्या मानाने थंड असते.

आकडे घालून बघू. जोडाची त्रिज्या 85 मिमी धरा. दोन-चार जोरदार ब्रेक मारले, रिंग 300 अंशांनी तापली आणि टोपी 40 नी. रिंग जोडापाशी 0.31 मिमी बाहेर जाते, टोपी 0.08. फरक 0.23 मिमी. हा फरक कुठेतरी जिरला पाहिजे. जोड घट्ट असेल तर रिंग सरळ बाहेर पसरू शकत नाही, मग ती बशीसारखी वाकते. आपल्या नेहमीच्या एकसंध डिस्कमध्ये हेच होतं, कारण टोपी एकाच बाजूच्या गालाला चिकटलेली असते. अ‍ॅल्युमिनियम आणलं म्हणून हे दुखणं आलेलं नाही, ते आधीपासूनच आहे. उलट दोन तुकडे केले तर त्यावर इलाज करता येतो.

म्हणजे प्रश्न धातूंचा कमी, जोडाचा जास्त. जोडाला दोन परस्परविरोधी कामं आहेत. फिरवण्याच्या दिशेला जराही हलायचं नाही आणि बाहेरच्या दिशेला अडवायचं नाही. दीड टनाच्या गाडीला कचकन ब्रेक मारला की पुढच्या एका डिस्कवर साधारण 1390 न्यूटन-मीटर पीळ येतो. दहा पिनांत वाटला तर पिनेमागे 165 किलोचा रेटा. तो सहज पेलतो. पेलून पुन्हा सरकायचं, ही खरी मेख. म्हणून पिना चाकाच्या आऱ्यांसारख्या, केंद्राकडून बाहेर रोखलेल्या असल्या पाहिजेत. आडवा भार पिनेच्या अंगावर, सरकणं पिनेच्या लांबीवर. तुमच्या ड्रॉइंगमध्ये तशाच आहेत का?

बिडकर_शिरोली | 4 जून, सकाळी 7:15

हो, आऱ्यांसारख्याच आहेत. मला वाटलं नुसती पकड चांगली यावी म्हणून. आता उजेड पडला. धन्यवाद चक्रधर साहेब.

उंटावरचा_शहाणा | 4 जून, सकाळी 9:30

हे अर्धवट काम कशाला? रिंगसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची करा. सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम मिळतं. 1996 च्या पहिल्या लोटस एलिसमध्ये असल्याच डिस्क होत्या. गंज नाही, वजन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, उष्णता वाहून नेण्यात बिडाच्या कितीतरी पुढे. शिवाय किलोमागे अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ पावणेदोनपट उष्णता साठवतं. आपण अजून बिडालाच कवटाळून बसलोय, कारण फाउंड्रीवाल्यांचा धंदा. (हलके घ्या.)

मृण्मयी_न | 4 जून, सकाळी 11:02

मला ब्रेकमधलं ओ की ठो कळत नाही, पण वरचा प्रतिसाद वाचून स्वयंपाकघर आठवलं. माझ्याकडे आजीचा बिडाचा तवा आहे आणि एक अ‍ॅल्युमिनियमचा. बिडाचा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की घावन घातल्यावर गार पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा क्षणात तापतो, पीठ पडलं की लगेच बसतो. मग जास्त उष्णता साठवतो कोण? शहाणे म्हणतात अ‍ॅल्युमिनियम, माझा अनुभव म्हणतो बीड.

चाकणचा_चक्रधर | 4 जून, दुपारी 1:10

मृण्मयीताई, तुम्ही दोघंही बरोबर, आणि गोम तिथेच आहे. *किलोमागे* अ‍ॅल्युमिनियम पुढे. पण तुमचा बिडाचा तवा अडीच किलोचा असेल आणि अ‍ॅल्युमिनियमचा अर्ध्या किलोचा. कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यात) जागा ठरलेली असते, किलो नाही. त्या जागेत बिडाची रिंग 6 किलोची बसत असेल, तर अ‍ॅल्युमिनियम-कार्बाइडची बसेल सव्वादोन-अडीच किलोची.

शहाणे साहेबांसाठी हिशेब. दीड टनाची गाडी ताशी 100 वरून थांबवली की 5.8 लाख जूल उष्णता होते. पुढच्या एका डिस्ककडे त्यातले साधारण 2 लाख येतात. बिडाची रिंग त्यात 67 अंशांनी तापेल, अ‍ॅल्युमिनियमची 100 च्या वर. एकदा थांबलात तर काहीच प्रश्न नाही.

आता खंडाळ्याहून खोपोलीला उतरा. उतार साडेपाचशे मीटरचा. तीच गाडी, 81 लाख जूल. म्हणजे 100 वरून थांबण्याच्या चौदापट. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात आणि इंजिन-वाऱ्याने निम्मं खाल्लं असं धरलं, तरी पुढच्या एका डिस्ककडे 14 लाख. हवेने थंड होणं हिशेबात धरलं नाही तर बिडाची रिंग 470 अंशांनी तापते आणि अ‍ॅल्युमिनियमची 700 नी. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम 660 ला वितळतं, त्याची मिश्रणं त्याच्याही आधी मऊ पडतात. या कार्बाइडवाल्या डिस्कला 450 च्या वर नेतच नाहीत. हवा अर्थातच थंड करते, म्हणून प्रत्यक्षात आकडे इतके चढत नाहीत. पण हातात किती माया राहते ते कळतं.

लोटस चाललं कारण ती गाडी सव्वासातशे किलोची. आणि तिलाही पुढे बिडाच्याच डिस्क आल्या.

उंटावरचा_शहाणा | 4 जून, दुपारी 1:45

किलो-लिटरचा मुद्दा मान्य. पण मग मागच्या चाकांना? तिथे एवढा भार नसतो. विजेच्या गाडीत तर मोटरच बराचसा ब्रेक मारते. तिथे तरी अ‍ॅल्युमिनियम का नको?

चाकणचा_चक्रधर | 4 जून, दुपारी 2:05

मागे चालेल. ते कापायला मात्र हिऱ्याचं टूल लागतं, कार्बाइडचे कण साधं टूल दोन मिनिटांत बोथट करतात. शिरोलीत परवडेल का, बिडकरांना विचारा.

तिरकस_तुळशीराम | 4 जून, दुपारी 2:20

परिस्थिती अशी आहे की आपले लोक डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकतात. त्यांना बीड द्या, अ‍ॅल्युमिनियम द्या नाहीतर सोन्याची डिस्क द्या.

पोलादपूरचा_पाहुणा | 4 जून, रात्री 8:50

न्यूट्रलवाला मी नाही, पण त्याच्या जवळपासचा गाढवपणा केलाय, सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडीत सहा जण, टपावर सामान, स्ट्रॉबेरीच्या पेट्या. तिसरा गिअर आणि पाय सतत ब्रेकवर हलकासा ठेवलेला. बायको म्हणाली, कसला तरी जळका वास येतोय. मी म्हटलं, समोरच्या ट्रकचा. पुढच्या वळणावर समोर ट्रक नव्हता, वास होताच. मग पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं. दोनदा-तीनदा पंप केलं की धरायचं. पहिल्या गिअरमध्ये घालून कसाबसा एका टपरीपाशी थांबलो. चाकाजवळ हात नेला तर चटकाच, हात लावायच्या आधी. जाळीतून डिस्क दिसत होती, कडेला निळसर-जांभळी झाक आली होती, उन्हात तेलाचा थेंब दिसतो तशी.

घरच्या मंडळींना अर्धा तास चहा पाजला. मेकॅनिकने नंतर सांगितलं की ब्रेक ऑइल चार वर्षं बदललंच नव्हतं. माझा प्रश्न: डिस्कची टोपी अ‍ॅल्युमिनियमची असती तर त्या दिवशी काय झालं असतं?

अण्णा_मिस्त्री | 4 जून, रात्री 9:35

पाहुणे, तुमचं ऑइल उकळलं. डॉट 4 नवीन असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी पितं. पाणी प्यालेलं 155 लाच उकळी धरतं. बुडबुडे झाले की पेडल जातं खाली, कारण बुडबुडा दबतो, ऑइल दबत नाही. चार वर्षं म्हणजे तुम्ही पाण्यावरच ब्रेक मारत होतात.

आणि टपरीवर हँडब्रेक ओढून लगेच उभं राहणं, तेही चुकीचं. गाडी चालू असते तेव्हा पात्यांतून वारा जातो. थांबली की वारा बंद, आणि रिंगची सगळी आग टोपीत, बेअरिंगात, कॅलिपरात शिरते. घाट संपल्यावर दोन किलोमीटर ब्रेक न लावता हळू चालवायची, मग चहा.

माझं गॅरेज साताऱ्याकडे आहे, त्यामुळे घाटातून उतरून आलेली गिऱ्हाइकं रोजची. एक गोष्ट सांगून ठेवतो. "डिस्क वाकली" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांची डिस्क वाकलेली नसते. जाडी कमी-जास्त झालेली असते, शंभरातल्या एक-दीड मिलिमीटरएवढी. तेवढ्याने स्टिअरिंग थरथरतं. कारण बहुतेक वेळा हबवर गंज ठेवून तशीच डिस्क बसवलेली, नाहीतर नट कसेही पिळलेले.

चाकणचा_चक्रधर | 4 जून, रात्री 10:00

अण्णा, "शंभरातल्या एक-दीड मिलिमीटर" म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे एक-दीड ना? 10-15 मायक्रॉन?

अण्णा_मिस्त्री | 4 जून, रात्री 10:04

तेच हो. आम्ही "दीड शतांश" म्हणतो. टायपिंगात घोळ झाला.

चाकणचा_चक्रधर | 4 जून, रात्री 10:30

पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर: अण्णा म्हणाले तेच, थांबल्यावर टोपी तापते. अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णोपचार केलेल्या ओतीव टोपीची ताकद 150-200 अंशांवर बराच वेळ राहिली की उतरायला लागते, आणि ती थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही. एका चहाने काही होत नाही. पण रोजच घाट उतरणाऱ्या टॅक्सीच्या टोपीचं डिझाइन करताना हे धरावं लागतं. जोडाला स्टेनलेस पिना का, तर स्टेनलेस उष्णता वाहून न्यायला फार मठ्ठ आहे. पिना बारीक आणि मधे हवेची फट असेल तर रिंगची आग टोपीपर्यंत जातच नाही फारशी. आणि त्या फटीतून पात्यांना बाहेरच्या बाजूनेही हवा मिळते, एकसंध डिस्कमध्ये टोपी ती वाट अडवते.

रानमाळ | 5 जून, सकाळी 6:40

आऱ्या म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या आजोबांकडे सुतारकाम होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना मी लहानपणी पाहिलंय. गोवऱ्यांचा गोल हारा लावून धाव लालबुंद करायची, दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, घणाने ठोकायची आणि वरून घागरीने पाणी. चुर्र आवाज, वाफ, लाकूड जळल्याचा वास आणि मग चाकातून "कड्ड" असा आवाज यायचा. धाव आवळली की आरे आपापल्या खाचेत बसायचे, तो आवाज. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली झाली की चाकं ओढ्यात बुडवून ठेवायची.

ते पण दोन पदार्थांचं चाकच झालं की! फक्त तिथे आवळायला पाहिजे आणि तुमच्याकडे सैल पाहिजे.

वाचनमात्र_2 | 5 जून, सकाळी 8:10

रानमाळ, यावर वेगळा धागा काढा. विनंती नाही, आज्ञा समजा.

यार्डातला_माणूस | 5 जून, दुपारी 12:15

तुम्ही सगळे नवीन नवीन म्हणताय, ते रेल्वेत केव्हाचं फिरतंय.

एलएचबी डब्यांना (जर्मन बनावटीच्या नव्या डब्यांना) जुन्या डब्यांसारखे चाकावर आवळणारे ठोकळे नसतात, एक्सलवर डिस्क असतात. एका एक्सलवर दोन. व्यास 640 मिमी, जाडी 110 मिमी, मधे पाती. घासणारी रिंग ग्रे आयर्नची, हब ओतीव पोलादाचा. आणि दोघांना जोडतात कशाने, तर केंद्राकडून बाहेर रोखलेल्या लवचीक स्लीव्हांनी, ज्या हबात बोल्टने अडकवलेल्या असतात. रिंग तापली की स्लीव्हवरून बाहेर सरकते, गार झाली की परत, आणि केंद्र काही ढळत नाही. चक्रधर साहेबांनी लिहिलं तेच गणित, फक्त पिनेच्या जागी स्लीव्ह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पोलाद.

2022 च्या जूनपासून डेक्कन क्वीनलाही एलएचबी डबे आहेत. म्हणजे रोज सकाळी पुण्याहून निघालेली मंडळी बोरघाट उतरतात ती दोन तुकड्यांच्या व्हेंटिलेटेड डिस्कवरच. (घाटात मुख्य धरणं इंजिनाचं असतं हे खरं, सगळा भार डब्याच्या डिस्कवर नसतो.)

तपासणीत आम्ही रिंगवरच्या भेगा बघतो. उष्णतेच्या बारीक भेगा असणारच, म्हाताऱ्याच्या हातावरच्या रेषांसारख्या. आतल्या किंवा बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली भेग दिसली की मात्र हयगय नाही.

बिडकर_शिरोली | 5 जून, दुपारी 12:40

यार्डवाले दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वडिलांना दिला. वाचून एवढंच म्हणाले, "रेल्वेचं वेगळं असतंय."

स्टुटगार्टकर | 5 जून, संध्याकाळी 7:30

इथे जर्मनीत बीड-अ‍ॅल्युमिनियम जोडडिस्क आता नवलाईची राहिली नाही. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत अ‍ॅल्युमिनियमची टोपी रिबिटांनी बिडाच्या रिंगला जोडलेली असते.

त्यापुढची पायरी कार्बन-सिरॅमिक. कार्बनच्या धाग्यांचे तुकडे आणि राळ साच्यात दाबतात, हवेविना भाजून राळेचा कार्बन करतात, मग 1414 अंशांच्या वर वितळलेलं सिलिकॉन त्यात शोषलं जातं. पोर्शने हे 2001 च्या सुमारास 911 च्या दणकट आवृत्तीत आणलं. वजन बिडाच्या निम्मं. टोपी मात्र तिथेही धातूचीच, तरंगत्या जोडाने, कारण सिरॅमिकला बोल्टने आवळलं तर ते तडकेल. बिडाला वाकायची तरी मुभा आहे, त्याला तीही नाही.

पण सध्या इथे चर्चा वजनाची नाही, धुळीची आहे. युरो 7 मध्ये (युरोपच्या नव्या प्रदूषण नियमांत) पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा आली: साध्या गाड्यांना किलोमीटरला 7 मिलिग्रॅम, पूर्ण विजेवरच्या गाड्यांना 3. म्हणून बिडाच्या रिंगवर कठीण थर चढवण्याची धडपड चालू आहे. पोर्शने 2017 मध्ये कायेनला टंगस्टन कार्बाइडचा थर दिलेली डिस्क आणली, ती घासून आरशासारखी चकाकते. म्हणजे एकाच डिस्कमध्ये आता तीन पदार्थ: टोपी हलकी, रिंग जड, पृष्ठभाग कठीण. विजेच्या गाड्यांत ब्रेक इतका कमी लागतो की साधी रिंग वापराविना गंजते, त्यालाही हा थर कामी येतो. फोक्सवॅगनच्या आयडी 4 ला तर मागे चक्क ड्रम आहेत!

तिरकस_तुळशीराम | 5 जून, संध्याकाळी 7:41

म्हणजे माझी 1998 ची गाडी काळाच्या पुढे होती.

कोकण्या_भाऊ | 5 जून, रात्री 9:05

कोणीतरी खाऱ्या हवेचं बोला. आमच्याकडे मालवणात पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्क विटकरी होते. ते ठीक, दोन ब्रेक मारले की जातं. पण अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस आणि बीड तिघांना एकत्र बांधून मिठाच्या पाण्यात ठेवलंत तर त्याची बॅटरीच होते. झिजतं अ‍ॅल्युमिनियम. होडीच्या इंजिनात हे आम्ही रोज बघतो, पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जन्मभर निघत नाही. तुमची ती सरकणारी पिन दोन पावसाळ्यांनी सरकायची बंद झाली तर?

चाकणचा_चक्रधर | 5 जून, रात्री 9:50

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. पिन अडकली की दोन तुकड्यांची डिस्क पुन्हा एकसंध झाली, तीही वाईट एकसंध: काही पिना सरकतात, काही नाही, म्हणजे रिंग वेडीवाकडी वाकणार. म्हणून टोपीला अ‍ॅनोडायझिंग किंवा झिंक फ्लेकचा थर, पाणी साठेल असा खळगा कुठेही नको, आणि मिठाच्या फवाऱ्यात ठेवून *मग* तापवण्याची चाचणी. नुसती मिठाची पास होते, नुसती तापवायची पास होते, एकामागून एक केल्या की बिंग फुटतं.

अण्णा_मिस्त्री | 6 जून, सकाळी 8:30

आणि बिल कोण भरणार तेही बघा. रिबिट मारलेली डिस्क झिजली की टोपीसकट अख्खी फेकायची. गिऱ्हाईक विचारतं, "अण्णा, नुसती रिंग नाही का मिळत?" बोल्टवाली असेल तर मिळावी.

अजून एक, बिडकर, पाती वक्र आहेत का सरळ? वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते. पंख्याच्या पात्यासारखी, फिरण्याच्या उलट दिशेला मागे झुकलेली पाहिजेत. आमच्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे कुठेतरी डिस्क उलटसुलट बसवलेल्या. वरचे चर बघून दिशा ठरवली होती म्हणे. दिशा चरांवरून नाही, आतल्या पात्यांवरून ठरते. डिस्कच्या धारेत डोकावून बघायचं.

बिडकर_शिरोली | 6 जून, सकाळी 9:00

सरळ आहेत अण्णा. वक्रसाठी डावा-उजवा असे दोन कोअर बॉक्स करावे लागतात, गिऱ्हाइकाने खर्च ऐकून सरळ घेतली.

एमटेक_ग्रस्त | 6 जून, सकाळी 9:12

आमच्या अकरा प्रोजेक्टांपैकी नऊ जणांनी वक्र पाती "सर्वोत्तम" ठरवली होती. कोअर बॉक्सचा खर्च एकानेही धरला नव्हता.

बिडकर_शिरोली | 29 जून, रात्री 10:15

धागा वर काढतोय. करून बघितलं, काय झालं ते सांगायला पाहिजेच.

पहिल्या खेपेला ड्रॉइंगप्रमाणे पिना कोअरमध्ये रोवून 12 रिंगा ओतल्या. पाच रिंगांत पिनेभोवती ब्लो होल (वायूचे पोकळ फुगे). गार पिनेवर दमट हवेचं पाणी धरलं असणार, आमच्याकडे पाऊस सुरू झाला होता. दुसऱ्या खेपेला पिना भट्टीशेजारी तापवून घेतल्या, होलं गेली. पण एक रिंग बँडसॉवर उभी कापून बघितली तर प्रत्येक पिनेभोवती दोन-तीन मिलिमीटर पांढरी कडी. बाकीचं बीड राखाडी आणि ती कडी चांदीच्या नाण्यासारखी चमकणारी. पिनेने तिथलं बीड झटकन गार केलं, ग्रॅफाइट सुटायला वेळच मिळाला नाही, पांढरं बीड झालं. फाईल फिरवली तर काचेवर घासल्यासारखी घसरते. तापून-गार होऊन भेग जायची असेल तर ती तिथूनच जाणार.

मग यार्डवाले दादा आणि चक्रधर साहेब दोघांचं घेऊन गिऱ्हाइकाशी बोललो. आता रिंगच्या आतल्या कडेला दहा कान ओतले, त्यात व्हीएमसीवर (संगणकी मिलिंग मशीनवर) केंद्राकडे रोखलेले खाचे पाडले. टोपीला भोकं, मधे चपट्या बाजूंची पोलादी बुशिंग. बुश खाचेत बाहेरच्या दिशेला सरकतं, फिरण्याच्या दिशेला हलत नाही. पिना ओतायच्याच नाहीत. डायल लावला तर रनआऊट (फिरताना डिस्कचं डोलणं) 0.04 मिमी. आमची जुनी एकसंध बिडाची टोपी सव्वादोन किलोची असायची, ही 800 ग्रॅमची. कान आणि बुश यांनी त्यातलं थोडं परत खाल्लं. दर डिस्कला निव्वळ सव्वा किलो वाचलं.

गिऱ्हाइकाच्या डायनोवर (ब्रेक तपासायच्या यंत्रावर) घाटाचं चक्र चालवलं तेव्हा मी तिथे होतो. रिंग अंधारात मंद तांबूस दिसायला लागली. टोपीवर आम्ही तापमानाला रंग बदलणारे ठिपके लावले होते, 150 चा बदलला, 200 चा तसाच राहिला. थांबवल्यानंतर दहा मिनिटांनी मात्र 200 चाही बदलला. अण्णांनी म्हटलं होतं तेच. त्यावर काम चालू आहे, बुशाखाली स्टेनलेसची चकती घालून बघतोय.

एक कटकट राहिली. गाडीला लावून शिरोलीच्या रस्त्यावर फिरवली तर खड्ड्यात टिकटिक वाजते. वेव्ह वॉशर घातल्यावर कमी झाली, गेली नाही. वडील शेजारी बसले होते. म्हणाले, "बैलाच्या गळ्यातली घंटा काढून आणलीस काय?" पण नांदत नाहीत असं काही म्हणाले नाहीत.

चाकणचा_चक्रधर | 29 जून, रात्री 10:40

वा! पांढऱ्या कडीचा फोटो टाका. आणि 200 चा ठिपका टोपीवर नक्की कुठे होता? बुशाजवळ की हबच्या तोंडाजवळ? बुशाजवळ असेल तर चकतीने फरक पडेल. हबजवळ असेल तर उष्णता बुशातून नाही, नुसत्या झळीने जातेय, मग चकतीचा उपयोग नाही.

बिडकर_शिरोली | 29 जून, रात्री 10:52

बुशाजवळ. हबजवळच्या ठिपक्यांत 150 चाही बदलला नव्हता. फोटो उद्या टाकतो.

मृण्मयी_न | 30 जून, सकाळी 10:20

फार छान लिहिलंत. एक भाबडा प्रश्न, त्या बिघडलेल्या रिंगांचं काय केलंत?

बिडकर_शिरोली | 30 जून, दुपारी 1:30

परत भट्टीत. पण आधी माणूस बसवून सगळ्या पिना कापून काढायला लावल्या. स्टेनलेसमधलं क्रोमियम बिडात गेलं की पुढची अख्खी हीट (एका वेळी वितळवलेलं बीड) कडक होते.

मृण्मयी_न | 30 जून, दुपारी 1:34

त्यातून एखादा तवा ओतता आला असता की! माझा आजीचा आता कडेला तडकलाय.

बिडकर_शिरोली | 30 जून, दुपारी 1:50

शनिवारच्या हीटला ओततो. पत्ता आणि व्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ताई.